कोच बदलत राहिले, क्लब संपला

पाच हंगाम, सात मुख्य प्रशिक्षक. एफसी पुणे सिटी या क्लबचा २०१४ ते २०१९ हा सगळा प्रवास एवढ्या शब्दांत सांगता येतो. फ्रँको कोलोंबा, डेव्हिड प्लॅट, अंतोनिओ हबास, रँको पोपोविच, मिगेल आंखेल पोर्तुगाल, प्रद्युम रेड्डी आणि फिल ब्राऊन. इटालियन, इंग्रज, स्पॅनिश, सर्बियन, पुन्हा स्पॅनिश, मग काही आठवड्यांपुरता आपला भारतीय आणि शेवटी पुन्हा इंग्रज. कुणी बचाव घट्ट ठेवणारा, कुणी पुढे धावून खेळवणारा. एकाच्या पद्धतीचा दुसऱ्याच्या पद्धतीशी मेळ नाही. आधीच्याने काय उभं केलं होतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हा प्रश्न कुणी कुणाला विचारल्याचं मैदानावर तरी कधी दिसलं नाही.

मी माळशिरस तालुक्यातल्या श्रीपूरचा. साखर कारखान्याच्या काट्यावर नोकरी करतो. आमच्या भागात कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल आणि अर्थातच क्रिकेट. फुटबॉलचं वेड मला कोल्हापुरात शिकताना लागलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना ज्याने एकदा पाहिला, त्याला ‘महाराष्ट्रात फुटबॉल कोण बघतं’ असं विचारायची सोय राहत नाही. तिथे पेठेची माणसं आपल्या तालमीसाठी घसा फोडून ओरडतात. आपल्या माणसांचा, आपल्या नावाचा एक संघ असावा ही ओढ तिथली. म्हणून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याच्या नावाचा संघ उतरला, तेव्हा मी ठरवून टाकलं की हा आपला क्लब. मुंबई मोठी, पैसेवाली; पण सोलापूरकराला पुणे जवळचं. पोरगं शिकायला पुण्यात, दवाखाना पुण्यात, नोकरी शोधायची ती पुण्यात. मग संघही पुण्याचाच.

श्रीपूरहून अकलूज, तिथून इंदापूर, पुढे हायवेने पुणे आणि मग शहर ओलांडून पार पलीकडे बालेवाडी. जाणं-येणं मिळून अख्खा दिवस आणि अर्धी रात्र. शिवाय लीगचा हंगाम आणि आमचा गळीत हंगाम एकाच वेळी चालतो. सुट्टी मिळणं अवघड, पाळी बदलून घ्यावी लागते, सोबत्याला विनवावं लागतं. हे सगळं आनंदाने केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्लब चालवणाऱ्यांनी कोचच्या बाकावर माणूस बसवताना दाखवलेल्या उथळपणाबद्दल.

पहिल्या हंगामापासून बघा. क्लबचं इटलीच्या फिओरेंटिनाशी नातं जुळलं होतं. त्या वाटेने फ्रँको कोलोंबा आले. इटलीत अनेक संघ सांभाळलेला जुना जाणता माणूस. सोबत फ्रान्सचा विश्वविजेता दाव्हिद त्रेझेगे. हंगाम मात्र १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपणारा. साखळीतले १४ सामने, जेमतेम सत्तर दिवस. एवढ्या वेळात खेळाडूंची नावं पाठ होईपर्यंत निम्मा हंगाम सरतो. तरीही संघ सहावा आला, १६ गुणांवर. चौथ्या क्रमांकाशी अंतर होतं फक्त तीन गुणांचं. पाया म्हणून हे वाईट नव्हतं. पुढल्या वर्षी कोलोंबा नव्हते.

२०१५ मध्ये डेव्हिड प्लॅट. १९९० च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी मारलेला त्यांचा गोल जगभरच्या फुटबॉलवेड्यांना पाठ आहे. खेळाडू म्हणून थोरच. पण कोच म्हणून? इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाची जबाबदारी २००४ मध्ये सुटल्यानंतर ते कुठल्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक नव्हते. मँचेस्टर सिटीत रॉबेर्तो मान्चिनींच्या हाताखाली काम केलं होतं, तेवढंच. अकरा वर्षं स्वतःचा संघ न चालवलेल्या माणसाला निवडताना काय पाहिलं? नाव पाहिलं, दुसरं काही नाही. सुरुवात चांगली झाली, मग घसरण लागली आणि संघ आठांत सातवा आला. प्लॅट गेले.

मग आले अंतोनिओ लोपेझ हबास. ही निवड मात्र कागदावर चोख होती. २०१४ चं पहिलं विजेतेपद त्यांनीच कोलकात्याला मिळवून दिलेलं. आम्ही चाहते हुरळून गेलो होतो. पण आधीच्या हंगामातल्या वर्तनामुळे लागलेल्या बंदीपायी सुरुवातीच्या सामन्यांत ते बाकावर बसूच शकत नव्हते. त्यात एदुर गुडजॉन्सनसारखा मोठा खेळाडू हंगामाआधीच जायबंदी होऊन गेला. संघ पुन्हा सहावा. आणि पुढचा हंगाम तोंडावर असताना हबासही गेले. याच हबास यांनी २०२० मध्ये कोलकात्याला पुन्हा विजेतेपद मिळवून दिलं आणि २०२४ मध्ये हंगामाच्या मध्यावर येऊन मोहन बागानला साखळीत पहिलं येणाऱ्याची लीग शील्ड जिंकून दिली. माणूस तोच. कोलकात्यात जिंकतो आणि पुण्यात सहावा येतो, तर दोष कुणाचा, हे मालकांनी स्वतःला विचारायला हवं होतं.

चौथ्या वर्षी नशीब उघडलं. रँको पोपोविच हे नाव इथे फारसं कुणाला माहीत नव्हतं. जपानमध्ये एफसी टोकियोसारखे संघ त्यांनी सांभाळले होते. हंगाम आता मोठा झाला होता, १८ सामन्यांचा. मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी पुढे, गोलात विशाल कैथ, बाजूने धावायला पुण्याच्याच अकादमीत घडलेला आशिक कुरुनियन. क्लब पहिल्यांदाच पहिल्या चारांत आला, ३० गुण घेऊन.

७ मार्च २०१८. उपांत्य फेरीचा पहिला सामना, समोर सुनील छेत्रीची बेंगळुरू. बालेवाडीचं मैदान ॲथलेटिक्सचं; प्रेक्षक आणि गवत यांच्यामध्ये धावपट्टी पसरलेली. त्यामुळे गॅलरीतून कोचचा चेहरा दिसत नाही, फक्त हातवारे दिसतात. त्या दिवशी मी चेंडूपेक्षा त्या हातांकडेच जास्त पाहत होतो. चेंडू बेंगळुरूकडे गेला की पोपोविच दोन्ही तळवे एकमेकांजवळ आणायचे आणि त्याच क्षणी आमचे चार बचावपटू दोरीने ओढल्यासारखे आत सरकायचे. चेंडू परत मिळाला की एक हात बाजूला फेकायचे आणि कडेचा खेळाडू वळून न बघता धावत सुटायचा. नव्वद मिनिटांत ते इतक्यांदा घडलं की मला कळून चुकलं, हा सरावाचा परिणाम आहे. महिनोन् महिने एकच गोष्ट घोटून घेतल्याशिवाय अकरा माणसं अशी एका इशाऱ्यावर हलत नाहीत. सामना शून्य-शून्य सुटला. चार दिवसांनी बेंगळुरूत छेत्रीने तीन गोल मारले आणि आम्ही ३-१ ने हरलो. पण चार वर्षांत पहिल्यांदा पुण्याचा संघ हा ‘संघ’ वाटला होता. अल्फारो आणि मार्सेलिन्यो गोल मारत होते म्हणून नव्हे, तर कोण कुठे उभा राहणार हे गॅलरीत बसलेल्या आमच्यासारख्यांनाही कळू लागलं होतं म्हणून.

पुढच्या हंगामात बाकावर पोपोविच नव्हते. त्यांच्या जागी मिगेल आंखेल पोर्तुगाल होते. हे गृहस्थ आधीच्या हंगामात दिल्ली डायनामोजचे कोच होते आणि दिल्ली दहा संघांत आठवी आली होती, १९ गुणांवर. चौथ्या आलेल्या संघाने आपला कोच घालवून आठव्या आलेल्या संघाचा कोच आणला. का? आजतागायत मला कुणी पटेल असं उत्तर दिलेलं नाही. पोपोविच पुढे जपानला परतले आणि २०२४ मध्ये काशिमा अँटलर्ससारख्या नामांकित क्लबने त्यांच्यावर विश्वास टाकला.

त्या ऑक्टोबरात आमच्याकडे गळिताची सुरुवात होती. रात्रपाळी. उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन नोंदवायचं, चिठ्ठी द्यायची, रिकामी होऊन आली की पुन्हा वजन. हाताला उसंत नाही. दोन गाड्यांच्या मध्ये मोबाईल उघडला तर बातमी: पोर्तुगाल यांना काढलं. सामने झाले होते तीन. एक बरोबरी, दोन पराभव. मी ती बातमी दोनदा वाचली. रांगेतल्या ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा भानावर आलो. उन्हाळ्यात ज्याची निवड केली, ज्याच्या पसंतीने परदेशी खेळाडू घेतले, ज्याच्या हाताखाली पूर्वतयारीचे सराव झाले, त्याला तीन सामन्यांत घरी पाठवायचं असेल, तर निवडताना काय पाहिलं होतं? आणि निवड बरोबर होती असं वाटत असेल, तर तीन सामन्यांत ती चूक कशी ठरली? दोन्हीपैकी काहीही खरं मानलं, तरी चुकले ते निवडणारे. शिक्षा मात्र निवडलेल्याला.

मग प्रद्युम रेड्डींना हंगामी म्हणून उभं केलं. इथला फुटबॉल आतून ओळखणारा माणूस. पण त्यांच्या हाती संघ आला तो बुडताना आणि तोही नवा परदेशी कोच सापडेपर्यंत. डिसेंबरात फिल ब्राऊन आले. २००८ मध्ये हल सिटीला प्रीमियर लीगमध्ये नेलेले. हंगामाच्या उत्तरार्धात खेळ थोडा सावरला, पण संघ सातवाच राहिला, २२ गुणांवर. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लबच बंद पडला.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकवलं जातं. क्लब कोचमुळे नव्हे, पैशामुळे संपला. मालकांची आर्थिक घडी विस्कटली, त्यात क्लब गेला. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण अडचणीत आलेल्या संस्थेला कोण वाचवतं? तिच्याभोवती गोळा झालेली माणसं. दरवर्षी संघ मोडून नवा मांडला, तर माणसं कशाभोवती गोळा होणार? मालक अडचणीत आले तेव्हा ‘हा क्लब आमचा आहे, तो मरू देणार नाही’ असं म्हणणारं पुणे उभंच राहिलं नव्हतं. नारंगी शर्ट घालून ढोल वाजवणारे आम्ही काही मोजके होतो. चार हंगाम एक ओळखीचा खेळ, ओळखीचे चेहरे, ओळखीचा कोच असता, तर कदाचित विकत घेणाऱ्यानेही तो क्लब पुण्यातच ठेवला असता. तसं झालं नाही. लीगमधली ती जागा नव्या मालकांनी घेतली आणि ती हैदराबादला गेली.

हैदराबादची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त सलते, कारण माझं म्हणणं तिथे जसंच्या तसं सिद्ध झालं. पहिल्या हंगामात हैदराबाद एफसीने पुण्याचाच कोच सोबत नेला. जानेवारी २०२० मध्ये ब्राऊन यांना काढलं आणि संघ १० गुणांसह तळाला राहिला. मग आलेले आल्बेर्त रोका हंगामाआधीच बार्सिलोनाच्या बोलावण्यावरून निघून गेले. त्यांच्या जागी आलेले मनोलो मार्केझ हे काही जगप्रसिद्ध नाव नव्हतं. पण क्लबने त्यांना वेळ दिला. आकाश मिश्रा, आशिष राय यांच्यासारखी विशीतली पोरं त्यांनी खेळवली. पुण्याकडून खेळलेला निखिल पुजारीही त्या संघात होता. पहिल्या वर्षी पाचवा क्रमांक. ओरड करायला तेवढं पुरेसं होतं. क्लबने ओरड केली नाही. दुसऱ्या वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, फातोर्ड्याच्या मैदानावर केरला ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबाद विजेता झाला. तिसऱ्या वर्षी साखळीत दुसरा. ती लीगमधली जागा आपली होती. विजेतेपद त्यांचं झालं.

आणि याच मनोलोंना २०२४ मध्ये राष्ट्रीय संघ दिला तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. एफसी गोवाचं काम सांभाळून देशाचा संघ चालवायचा, अशी ती व्यवस्था. आठ सामन्यांत एक विजय. चांगला माणूस निवडणं ही निम्मी गोष्ट. त्याला काम करता येईल अशी जागा देणं ही उरलेली निम्मी.

आमच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या बाजूला तालमींची परंपरा आहे. पोरगं तालमीत घालताना बाप आधी वस्ताद कोण ते विचारतो. त्या वस्तादाचे किती पैलवान निघाले, कुठला डाव तो घोटून घेतो, चिडका आहे की शांत, पोराला दुखापत झाली तर काय करतो, सगळी चौकशी करतो. मग एकदा पोर सोपवलं की चार-पाच वर्षं विचारत नाही. पहिल्या दोन जत्रांत पोरगं चितपट झालं म्हणून कुणी वस्ताद बदलत नाही, कारण वस्ताद बदलला की शिकलेले डाव विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे खेड्यातल्या अडाणी माणसालाही कळतं. हे साधं शहाणपण कोट्यवधी रुपये लावणाऱ्या क्लबला का नसावं?

मुंबई सिटीकडे पाहिलं की कळतं, कोच बदलूनही क्लब टिकवता येतो. पण त्यासाठी विचार एक लागतो. पहिली वर्षं त्यांचीही आमच्यासारखीच गेली. पीटर रीड, मग निकोला अनेल्काला खेळाडू आणि कोच दोन्ही करून टाकलं. त्याच २०१५ च्या हंगामात गोव्याने त्यांना ७-० ने धुतलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्यांचा मोठा हिस्सा घेतला. मग सर्जिओ लोबेरांना आणलं. गोव्यात लोबेरांनी जो चेंडू पायात ठेवून खेळायचा फुटबॉल उभा केला होता, तोच क्लबला हवा होता. निवडीला कारण होतं. पहिल्याच हंगामात लीग शील्ड आणि करंडक दोन्ही. लोबेरा गेल्यावर आलेले डेस बकिंगहॅम मेलबर्न सिटीतून आले, त्यांच्यानंतरचे पीटर क्रॅटकीही मेलबर्न सिटीतूनच. खेळायची पद्धत तीच, शिकवणारा तेवढा नवा. बकिंगहॅम यांच्या काळात एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला, पुढच्या हंगामात शील्ड आली, आणि मे २०२४ मध्ये क्रॅटकींनी सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून करंडक आणला. चार हंगामांत तीन कोच आणि तिघांच्याही नावावर काही ना काही. २०२५ च्या अखेरीस तो ग्रुप बाहेर पडला. आता तो विचार मुंबईत मुरला आहे की परदेशी कचेरीबरोबर निघून गेला, याची परीक्षा पुढे आहे. मुंबईच्या चाहत्यांनी त्यावर डोळा ठेवावा.

परदेशी कोच नको, असं माझं म्हणणं नाही. पण महाराष्ट्रातल्या क्लबांनी आपल्या माणसांचं काय केलं, तेही बघायला हवं. खालिद जमील यांनी २००९ पासून सात वर्षं मुंबई एफसी सांभाळली. पैसा कमी, खेळाडू साधे, पण संघ आय-लीगमधून खाली गेला नाही. २०१६ मध्ये ते तिथून गेले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसीने मधेच कोच बदलला, संघ तळाला जाऊन लीगबाहेर पडला आणि क्लब बंद झाला. त्याच हंगामात, एप्रिल २०१७ मध्ये, खालिद यांनी मिझोरमच्या छोट्या ऐझॉल संघाला देशाचा विजेता केलं. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुण्यातही हेच. जुन्या पुणे एफसीला डेरिक परेरा यांनी काही वर्षं सलग घडवलं. महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय विजेता करून आलेला हा गोव्याचा माणूस. पहिल्याच आय-लीगमध्ये तिसरा क्रमांक, २०१२-१३ मध्ये दुसरा. एफसी पुणे सिटीला पाच वर्षांत ती उंची गाठता आली नाही. शोभेच्या नावांवर खर्च करायला पैसा होता. या मातीत संघ बांधून दाखवलेल्या माणसाला मुख्य जागा द्यायची हिंमत नव्हती. भारतीय आला तो फक्त मधली पोकळी भरायला.

पुणे एफसी गेली, भारत एफसी एका हंगामात गेली, डीएसके शिवाजीयन्स गेली, मग पुणे सिटीही गेली. एवढं मोठं शहर, त्याच्यामागे सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर असा पट्टा, आणि देशाच्या अव्वल लीगमध्ये आमच्या नावाचा एक संघ नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. असा पोरगा घडला की त्याने कुणाकडे जायचं? गाव सोडून, राज्य सोडून. संध्याकाळी आमच्या कारखान्याच्या मैदानावर उसतोड कामगारांची आणि कॉलनीतली पोरं एकत्र चेंडू खेळतात. त्यातला एखादा खरंच चांगला निघाला, तर त्याला कुठल्या दारात नेऊन उभा करू, हे मला सांगता येत नाही. यापेक्षा मोठं नुकसान कुठलं?

काही जण म्हणतात, कोच नापास झाला तरी त्याला धरून बसायचं का? मुळीच नाही. पण नापास कशाला म्हणायचं, ते आधी ठरवा. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. पहिला करंडक १९९० मध्ये आणि लीगचं पहिलं विजेतेपद १९९३ मध्ये. त्या मधल्या वर्षांत त्यांना काढा म्हणणारे कमी नव्हते. २०१३ मध्ये ते निवृत्त झाल्यापासून त्याच क्लबने किती कोच आणले आणि काढले, ते सगळं जग पाहतंय. लीग पुन्हा हाती आलेली नाही. धीर धरणं आणि आळस करणं यात फरक आहे. पोरं सुधारतायत का, खेळाला दिशा आहे का, हरतानाही काय करायचं ते खेळाडूंना कळतंय का, हे बघून धीर धरायचा असतो. तीन सामन्यांचे निकाल बघून नव्हे.

म्हणून जो कुणी उद्या पुण्यात किंवा महाराष्ट्रात कुठेही फुटबॉल क्लब काढेल, त्याच्याकडे चाहता म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. पहिली, कोच नेमताना त्याची निवड का केली, तो संघाला कसं खेळवणार आणि त्याने याआधी तसं कुठे करून दाखवलं, हे क्लबने जाहीरपणे, मराठीत सांगावं. तिकीट काढणाऱ्याचा तो हक्क आहे. दुसरी, गंभीर गैरवर्तन सोडलं तर पूर्ण दोन हंगाम द्यावेत. तिसरी, मुख्य जागेसाठी मुलाखती घेताना प्रो परवाना असलेल्या किमान एका भारतीय प्रशिक्षकाला बोलवावंच आणि त्याला हंगामी म्हणून वापरून फेकू नये. चौथी, अकादमीतली पोरं आणि मोठा संघ एकाच पद्धतीने खेळावेत, म्हणजे कोच गेला तरी क्लबची ओळख त्याच्याबरोबर जाणार नाही. यातल्या एकाही मागणीला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो नेमणुकीआधीचा थोडा अभ्यास आणि नेमणुकीनंतरचा थोडा संयम.

पुण्यात पुन्हा क्लब उभा राहिला, तर पहिल्या दिवशी तिकीट काढणाऱ्यांत मी असेन. पाळी बदलून घेईन, अकलूजहून गाडी पकडेन आणि कारखान्याच्या मैदानावरची चार पोरंही सोबत आणेन. मालकांकडून मला मोठं नाव नको, विमानतळावरचे हारतुरे नकोत. आपला कोच का निवडला हे ते मला सांगू शकले आणि दोन वर्षांनी तोच माणूस त्याच बाकावर दिसला, तर मी हरणाऱ्या संघासाठीही ओरडेन.